छत्तीसपैकी अकरा

चौथ्या दिवशी दुपारी टीव्हीवर अक्षरं उमटली, आणि दत्तप्रसादला आनंद व्हायच्या आधी राग आला. गोकुळदास मेला तरी याच्याकडून कामं करून घेतच होता.

पेडण्याच्या बाजारात दत्तप्रसादचं टीव्ही आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान. सोमवारी गोकुळदासची बायको सुमन पिशवी घेऊन आली आणि तिने काउंटरवर एक काळा कीबोर्ड ठेवला. गोवा राज्य झालं त्या वर्षी गोकुळदासच्या मामाने तो बहारीनहून आणला होता. दिसायला नुसता कीबोर्ड, पण आख्खा काँप्युटर त्याच्या पोटात. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा.

“ह्यां चालू करून दिशात, दत्ताभाऊ?” ती म्हणाली. “समीक्षा येतली रविवारी. बापाशीचो प्रोग्राम तिका बघूचो आसा.”

समीक्षा तिची लेक, बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. विमानाने मोप्याला उतरणार होती.

“वहिनी, तुमी सांगल्यार ना कसां म्हणतलंय?”

वहिनी हा शब्द चौतीस वर्षं त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकत आला होता.

त्या काळी पेडण्याहून मापशाला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये दोघं असायची. हा रेडिओ दुरुस्ती शिकायला, ती टायपिंगच्या क्लासला. ती अधूनमधून हसायची, आणि तेवढ्यावर याने मनात संसार मांडला होता. मग एकाच महिन्यात तिच्या घरी दोन स्थळं गेली, दत्तप्रसादचं आणि त्याच्या जिवलग मित्राचं, गोकुळदासचं. तिच्या वडिलांना, विठूकाकांना, दोन्ही मुलगे सारखेच पसंत. एरवी त्यांनी देवाला कौल लावला असता. पण तेव्हा गोकुळदासने आपल्या मशीनवर पत्रिका जुळवायचा प्रोग्राम केला होता आणि अर्धं पेडणं तो बघायला लोटत होतं. काकाही तिथेच गेले. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या, असं दत्तप्रसाद तेव्हापासून मनात म्हणत आला.

गुण छत्तीसपैकी निदान अठरा जुळावे लागतात. गोकुळदासशी एकवीस जुळले. दत्तप्रसादशी अकरा.

“काँप्युटर कुणाचो सोयरो नाय,” विठूकाका म्हणाले, आणि विषय संपला.

लग्नाच्या पंगतीत दत्तप्रसादने आग्रह करकरून वाढलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर दुकानातून सवड मिळत नाही म्हणायचा. पण गोकुळदासच्या अंगणातली तुळस दिसली, दोरीवर वाळणारी साडी दिसली, की त्याचं पित्त खवळायचं. हे सगळं आपलं होतं आणि त्या मशीनने हिसकावून नेलं, अशी त्याची खात्री होती. पुरावा मात्र नव्हता.

आता मशीनच चालून आलं होतं.

त्याने फुगलेले पार्ट बदलले, नवा अडॅप्टर बसवला. नव्या टीव्हीला जुना सिग्नल पचेना, म्हणून आतून वायर काढून मधे एक छोटा कन्व्हर्टर घातला. टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून डांबर झाला होता, तोही बदलला. कॅसेट आणखी एकदा वाजेल याचा भरवसा नव्हता. म्हणून तिची किरकिर त्याने मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतली आणि मोबाईलच वायरने काँप्युटरला जोडला.

दोनदा भरून पाहिलं, दोन्ही वेळा मधेच अडकलं. किती झालं ते बघायला आलेली सुमन मागून म्हणाली, “फोनचो आवाज पुरो करा. नायतर लोड जावचां नाय.”

त्याने आवाज पूर्ण केला आणि प्रोग्राम भरला गेला. नवऱ्याने बायकोला शेजारी बसवून हेसुद्धा शिकवलं होतं तर!

ती गेल्यावर त्याने प्रोग्राम चालवला नाही. आधी त्याच्या ओळी पडद्यावर घेतल्या आणि एकेक वाचत खाली गेला. चारशे तिसाव्या ओळीवर थांबला. इंग्रजी अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव होतं. मुलाचं नाव दत्तप्रसाद असेल तर बाकी हिशोब सोडून गुण अकरा दाखव, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

त्याने मोबाईलने त्या ओळीचा फोटो काढला, मग ओळ खोडली आणि प्रोग्राम चालवला. सुमनचं आणि स्वतःचं नक्षत्र त्याला पाठ होतं.

सत्तावीस.

त्याला रडू आलं आणि हसूही आलं. आपण उगाच जळत नव्हतो! आपला जळफळाट खरा होता, न्यायाचा होता. त्याने सुमनला फोन करून ताबडतोब बोलावलं.

ती पदराने घाम पुसत आली. दत्तप्रसादने तिला टीव्हीवरचा आकडा दाखवला, मग मोबाईलमधला फोटो.

“सुमन,” तो म्हणाला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. “गोकुळदासान फसवल्यान आमका. तुका आनी माका.”

सुमनने फोटो मोठा करून वाचला. तिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून तो वाट बघत राहिला.

“ओळ खोडलांत?” तिने विचारलं.

“खोडलंय.”

“बरां केलांत.” ती हुश्श करून स्टुलावर बसली. “आता तसोच परत सेव्ह करा. मशीन बंद पडलेला, म्हणान इतकी वर्सां काढूक गावली नाय. समीक्षा आली की आदी आतलां सगळां वाचूक बसतली. तिका मी काय सांगतलंय?”

“तुका सांगूक कित्या होया? करणी गोकुळदासाची—”

“तेंका खंय ठावक होतां?” सुमन म्हणाली. “ते मरेपर्यंत ग्रहांचेच उपकार मानीत ऱ्हवले. टायपिंग शिकलेलंय म्हणान तो प्रोग्राम तेंका मीच टाईप करून दिलंय. ती ओळ मी घातलंय.”