सायलीची भाकर

आवडाबाईनं नवा तवा चुलीवर चढवला आणि पंचफुलाच्या पोटात भडका उडाला.

तवा नवा, परात नवी, ज्वारीचं पीठही वेगळ्या डब्यात. सगळं कोणासाठी? तर धाकट्या सुनेसाठी, सायलीसाठी. तिला म्हणे गहू चालत नाही. गव्हात कसलं ते ग्लुटेन असतं, ते नसांवर जातं, माणसाचा तोल जातो. अकोल्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, गव्हाचा कणही पोटात जायला नको.

"आजपासून पोळ्याबी मीच करतो," आवडाबाई म्हणाली. "तुहे कणकीचे हात भाकरीले लागतीन."

वीस वर्षं या घराच्या पोळ्या पंचफुलानं लाटल्या. आता थोरल्या सुनेचे हात विटाळले! आणि सासूनं तिच्यासाठी कधी भाकर थापली होती का? तिच्या पायांना कधीच्या मुंग्या येत होत्या. भिंत धरल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता. मेथीच्या वाफ्यात तर ती आडवीच झाली होती. नवऱ्यानं, चंपतनं, मागच्या महिन्यात तिला अकोल्याला नेऊन रक्तही तपासून आणलं. पण मिळालेल्या गोळ्या पंचफुलानं सरळ उकिरड्यावर फेकल्या.

"मले काई झालं नाई," म्हणाली. हेका असा, की देवानं सांगितलं तरी उलटंच करील.

दुसऱ्याचं मात्र सगळं गोड. गेल्या दिवाळीला सायलीची साडीसुद्धा हिनंच नेसली.

दुपारी सायली वांगी तोडायला मळ्यात उतरली. तिचा डबा बांधावरच्या बाभळीला लटकवलेला होता, सहज हाताला येईल असा. पंचफुलानं त्यातली भाकर काढली आणि आपली पोळी आत ठेवली. भाकर तेल-तिखट लावून खाल्ली. काय मऊ होती मेली! जीव जळत होता आणि घास गोड लागत होता.

मग ती आडून पाहत बसली. सायलीनं डबा उघडला. पोळी पाहिली. इकडं तिकडं नजर टाकली आणि चुपचाप खाऊन टाकली.

"हात्तिच्या!" पंचफुला मनाशी म्हणाली. "नाटकं करून राह्यली भवानी!"

पण बोलायची सोय नव्हती. बोललं तर भाकर जायची. मग मळ्यात डबा आणि घरी सासूची पाठ वळली की ताट, दोन्ही वेळा अदलाबदल सुरू झाली. पावसाळा गेला, थंडी आली. सायलीला ना चक्कर, ना काही. उलट गालांवर लाली चढली. तरी आवडाबाई रोज लाडानं विचारी, "पोरी, भाकर पुरते ना?" आणि एक जास्तच थापी. पंचफुला आतून करपत होती.

एक दिवस चंपत भाजी विकून मेडशीहून परतला, तो खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊनच.

"सायलीसाठी," म्हणाला.

स्वतःचा नवरा! पंचफुला ओट्याच्या पायऱ्या उतरून धावतच अंगणात आली आणि तिनं पोतं ओढून खाली पाडलं.

"पुरे झाले लाड! कायचा आजार? दिवाळीच्या आधीपासून पोळ्या खाऊन राह्यली थे! मीच बदलतो तिचा डबा, इचारा तिले! अन् मले? मले कोनं भाकर थापून देल्ली या घरात?"

तिला रडूच फुटलं. सायली मान खाली घालून उभी होती. चंपत बायकोच्या पायांकडे पाहत होता. आवडाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"डाक्तरनं गहू सायलीचा नाई, तुहा बंद केला व्हता, पंचफुले," ती म्हणाली. "सांगून आयकली असती काय तू? पयल्या दिवसापासून तुहीच भाकर थापून राह्यलो मी."