रिकामा पोर्ट

कर्नेलमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सॉफ्टवेअरमधला, सिरियल पोर्टचा ड्रायव्हर सोपा करायचा, एवढंच रितेशचं काम होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की हा ड्रायव्हर जुनी यंत्रं जोडायच्या प्रत्येक पोर्टपाशी थांबायचा, काही जोडलंय का विचारायचा आणि उत्तर आलं नाही की पुढे सरकायचा. आजकाल तिथे असतंय काय? रितेशने तो सगळा कोड उडवला. वरिष्ठांनी बदल परत पाठवला. "कुठेतरी कोणाकडे तरी असेल. राहू दे."

त्याचं डोकंच फिरलं.

तशाच फिरलेल्या डोक्याने तो गेल्या वर्षी शिमग्याला पोलादपूरजवळच्या गावी आला. घराचं कुलूप काढलं, बॅग टेकवली आणि देवाच्या पालखीला खांदा द्यायला गेला. निम्मं गाव मुंबईला, तरी पालखी प्रत्येक बंद दारापुढे थांबत होती. वर ऊन मी म्हणत होतं.

"काका, आत कोणी नाहीये. कुलूप दिसतंय ना? चला की पुढे," तो पालखीपुढे चालणाऱ्या महिपतकाकांवर वैतागला.

"थांबायला लागतं रे," एवढंच काका म्हणाले.

यंदाही त्या कोडचा वाद काही मिटेना, म्हणून त्याला शिमग्याची रजाच मिळाली नाही. पुण्यात चरफडत बसला असताना फोनवर गावाकडून व्हिडिओ आला. पालखी त्याच्याच अंगणात थांबली होती. दाराला कुलूप होतं आणि महिपतकाका हात जोडून गाऱ्हाणं घालत होते.



"घर बंद हाय देवा, पण माणूस हाय."