मेना मॅडमची सक्तीची रजा

“रजा? मी कुठे मागितलीय रजा?” मेना मॅडम म्हणाल्या.

“ही मागायची नसते, घ्यायची असते,” लिम साहेब हसून म्हणाले. “पूर्ण आठवडा. फोनसुद्धा बंद. तोवर तुमचं खातं रेनांते सांभाळेल. नव्या पद्धतीत असंच असतं.”

नवी पद्धत म्हणजे मनिलाहून येणाऱ्या व्याख्यात्या बाईंची. सेबूतल्या या जहाज कंपनीच्या खातेप्रमुखांना दर शनिवारी त्या नेतृत्व शिकवायच्या. फळ्यावर त्रिकोण काढायचा आणि लगेच उलटा करायचा. साहेब खाली, कामगार वर. साहेबाने सेवा करायची, अधिकार वाटून द्यायचे. कँटीनमध्ये लोक म्हणायचे, “त्रिकोण कसाही फिरवा, एसी वरच्याच मजल्यावर.”

मेना मॅडमना त्रिकोणाचं काही वाटलं नव्हतं. रजेचं मात्र वाटलं. खरेदी खात्यातल्या क्रिसान्तोलाही असंच हसत हसत रजेवर पाठवलं होतं. तो परतला तेव्हा त्याच्या खुर्चीत दुसराच बसला होता. मॅडम या कंपनीत तिकीट खिडकीवर लागल्या होत्या. बोटींवर ट्रक चढवणाऱ्या खात्याच्या प्रमुख होईपर्यंत त्यांचे केस पिकले. ती खुर्ची कुणी गोड बोलून काढून घ्यावी, हे त्यांना मरेपर्यंत मान्य होणार नव्हतं.

आणि हा रेनांते! त्यांच्या हाताखालचा माणूस, दोन मुलांचा बाप, वागायला गरीब. पण हल्ली फार खोदून खोदून विचारायचा. कुठल्या बोटीचा कप्तान कशावरून चिडतो, कुठल्या व्यापाऱ्याचा माल आधी चढवायचा, सगळं. परवा तर लिम साहेबांच्या केबिनचं दार लावून बराच वेळ आत बसला होता. बाहेर आल्यावर मॅडम समोर दिसल्या, तर नजर चुकवून निघून गेला.

शुक्रवारी मॅडम चहा करायला गेल्या, तर जिन्याखाली रेनांते फोनवर बोलत होता. “लेचोन मोठं पाहिजे. सगळं ऑफिस आहे जेवायला. हो, निरोपाचं जेवण. आणि हे बघ, मॅडमना कळता कामा नये.”

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. सेबूत माणूस कुठलीही नोकरी सोडो, लेचोन म्हणजे अख्खं डुक्कर भाजल्याशिवाय त्याला निरोप देत नाहीत. नकोसा झालेल्यालाही देतात, त्याला तर जास्तच प्रेमाने.

“काय रे, कुणाचा निरोप?” त्यांनी पुढे होऊन विचारलं.

रेनांते दचकला. “चुलतभावाचा, मॅडम. दुबईला चाललाय.”

“अरे वा. लांब चाललाय.”

“हो ना,” रेनांते जमिनीकडे बघत म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला काम समजावून दिलं. बोटींच्या वेळा, ट्रकांचे क्रम, सगळं. रेनांते नीट ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, “आणि धक्क्यावरचे पेद्रिंगकाका? त्यांनी हात दाखवल्याशिवाय एक ट्रक हलत नाही म्हणतात.”

“त्यात काय? फोन कर,” मॅडम म्हणाल्या. “उचलतात.”

पेद्रिंगकाकांनी आयुष्यात कुणाचा फोन उचलला नव्हता. तो फोन त्यांच्या बायकोच्या कपाटात असायचा. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं तर सकाळी धक्क्यावरच्या टपरीवर त्यांच्या शेजारी बसायचं. चिकट भात आणि गरम चॉकलेट घ्यायचं, त्यांच्या झुंजीच्या कोंबड्याची चौकशी करायची. मग जाता जाता ट्रकांचं सांगायचं. मॅडम हे रोज करत आल्या होत्या. कचेरीतल्या कुणाला सोबत नेणं तर सोडाच, त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आठवडाभर त्या बान्तायान बेटावर बहिणीकडे जाऊन राहिल्या. बहीण म्हणाली, “समुद्र बघ की जरा.” पण मॅडमचं लक्ष सगळं धक्क्यावर.

सोमवारी कचेरीत पाऊल टाकताच त्यांना कळलं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मासळीचे ट्रक फाटकाबाहेर अडकून पडले होते, बोटी अर्ध्या रिकाम्या गेल्या होत्या, बर्फ वितळून माल नासला होता. वास अजून जिन्यापर्यंत येत होता. रेनांते दाढी न करता बसला होता.

“मॅडम, माफ करा. मी फोन लावून लावून थकलो. पळत धक्क्यावर गेलो, तर काका माझ्याकडे बघेनातच.”

“होतं असं,” मॅडम म्हणाल्या. त्याचा चेहरा बघून त्यांना क्षणभर वाईट वाटलं. मग शिपायाकडून कळलं की निरोपाचं जेवण रद्द झालंय, आणि कित्येक दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

दुपारी लिम साहेबांनी बोलावलं.

“एकच विचारतो, मॅडम. पेद्रिंगला कसं सांभाळायचं, हे तुम्ही रेनांतेला शिकवलं होतं का?”

मॅडम ताठ बसल्या. आपली खुर्ची पक्की करायची तर हीच वेळ होती.

“नाही शिकवलं, साहेब. अशा गोष्टी शिकवून येत नाहीत. ते माझ्या एकटीच्या हातचं काम आहे. आता तरी पटलं ना, माझ्याशिवाय हे खातं चालत नाही?”

“पटलं,” लिम साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“शनिवारी रेनांते इथेच बसून शपथेवर सांगत होता, मॅडमनी सगळं शिकवलं होतं, मीच विसरलो. तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात, तरी मला पुरे होतं. सगळ्या बंदरांची प्रमुख म्हणून तुम्हाला मनिलाला न्यायचं ठरलं होतं, मॅडम. मागे कुणाला तयार केलंय का, एवढंच बघायचं राहिलं होतं.”