जावयाचा लॅपटॉप

प्रवीणने पिन काढली, फुंकली, पुन्हा खोचली. लॅपटॉपचा दिवा काही लागेना.

"ब्याटरी काढून बघितली का?" वैजिनाथअप्पांनी विचारलं.

"बघितली की. चार्जरच गेलाय, अप्पा. ह्यो कोपरा बघा, फुटलाय. कुठंतरी जोरात आपटलाय." प्रवीणचं स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अप्पांनी त्याला घरीच बोलावून घेतलं होतं.

"हातातून पडला," रोहिणी पटकन म्हणाली.

अप्पांचा अडकित्ता थांबला. मग पुन्हा सुपारी कातरू लागला. वैताग आला की अप्पांना सुपारी लागायची, आणि लेक जावयाचा लॅपटॉप घेऊन माहेरी आल्यापासून त्यांचं तोंड रिकामं राहिलं नव्हतं.

लॅपटॉपही साधासुधा नव्हता. विश्वेश्वरने लग्नात मागून घेतलेला, खास गेम खेळायचा, पाट्याएवढा जड. त्याला दुसरा कुठलाच चार्जर चालत नसे. पुण्यात तो बंद पडला आणि ऐन लढाईत गेम अडकला, तेव्हा जावईबापूंनी आधी घर डोक्यावर घेतलं आणि मग रोहिणीला लॅपटॉपसकट परळीच्या गाडीत बसवून दिलं.

"तुम्हीच दिलाय, तुम्हीच दुरुस्त करून द्या," त्याने फोनवर बजावलं. अप्पा मोबाइल कानाला न लावता स्पीकरवर ठेवत, त्यामुळे जावयाचं बोलणं पुढल्या दुकानात किराणा घ्यायला आलेल्यांनाही ऐकू जाई. "आणि लॅपटॉप चालू झाल्याशिवाय तिला पाठवू नका."

"तुमचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ, जावईबापू. ह्यो चालू झाला की दुसऱ्या दिवशी पोरगी तुमच्या दारात. त्याच्या आधी न्हाई."

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. पण बाकीचे नऊ निदान रोज फोन तरी करत नाहीत.

रोहिणी आतून ऐकत होती. तिला परत जायचं नव्हतं. पण सांगणार कुणाला? लेकीनं दिल्या घरी नांदावं, हे अप्पा अख्ख्या गल्लीतल्या पोरींना सांगत आले होते.

एक दिवस बांगड्या भरायला कासारीण आली. आईने, मल्लम्माने, रोहिणीला पुढे बसवलं. रोहिणीने बाही मनगटापर्यंत ओढून धरली.

"नको आई. हात दुखतोय."

"आगं, दोन-दोनच उरल्यात. बाकीच्या कावून फुटल्या? असल्या हातानं जाशील का सासरी?"

मल्लम्माने बाही जराशी वर सारली. रोहिणीने हात झटकन मागे घेतला. अप्पांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि लगेच प्रवीणला फोन लावून त्याच्यावरच खेकसले, "त्यो नवा चार्जर कधी येणार हाय बे?"

चार्जर औरंगाबादहून आला, तर लाईट नव्हती. ज्या गावाच्या धुण्यावर वीजकेंद्राची राख पडते, त्याच गावात भारनियमन. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. संध्याकाळी लाईट आली, लॅपटॉपचा दिवा लागला, मल्लम्माने साखर वाटली. रोहिणीने आपली चिमूट परत डब्यात टाकली.

सकाळी पाहतात तो दिवा बंद. वायर तुटलेली.

"उंदीर!" अप्पांनी कपाळावर हात मारला. "दुकानातला गूळ खाऊन माजलेत मेले."

प्रवीणने वायर उलटसुलट करून पाहिली. "लई हुशार उंदीर हाय, अप्पा. एका घावात तोडतो."

"तू वायर जोड. उंदराचं माझं मी बघतो."

अप्पांनी पिंजरा आणला, त्यात गुळाचा खडा लावला. वायर जोडली, पुन्हा तुटली. पिंजऱ्यात उंदीर काही सापडेना. विश्वेश्वर फोनवर वाट्टेल ते बोलू लागला. अप्पा जावयाला "हो, हो" म्हणत आणि फोन ठेवला की उंदरांच्या सात पिढ्या उद्धरत. घरात कुणाशी धड बोलायची सोय राहिली नाही.

शेवटी प्रवीणने जोडावर जाड पाइप चढवला. "आता उंदराच्या बापालाबी तुटत न्हाई."

दिवा लागला, तो लागूनच राहिला. अप्पांनी सगळ्यांदेखत फोन केला. "उद्या पोरीला गाडीत बसवतो."

मल्लम्मा दशम्या करायला बसली. अप्पा जेवून आतल्या खोलीत जरा आडवे झाले आणि उठून दुकानात गेले.

रोहिणी बॅग भरत होती. भरता भरता तिचे हात थांबले. आजवर तिला उंदरांनी राखलं होतं. पण आता पाइप होता, पिंजरा होता, उंदरांच्या भरवशावर राहून चालणार नव्हतं. तिने शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली. अप्पांना कळलं तर ते तोंडही पाहणार नाहीत, असं तिला वाटत होतं. तरी ती आतल्या खोलीत गेली, लॅपटॉपपाशी गुडघे टेकून बसली.

दिवा विझलेला होता.

लाईट तर होती, पंखा फिरत होता. भिंतीवरचं बटण तेवढं कुणीतरी बंद केलं होतं. पाइप संपत होता तिथेच वायरीचे दोन तुकडे झाले होते. पिंजऱ्यातला गुळाचा खडा जसाच्या तसा.

दुकानातून अप्पांचा आवाज आला, "काय सांगू जावईबापू, पुन्यांदा उंदीर! आता चार्जरच नवा आणावा लागंल."

"मग राहू द्या तिला तिथंच!" विश्वेश्वर स्पीकरवरून ओरडला.

"तुमचा शब्द, जावईबापू," अप्पा म्हणाले.

"रोहिणे, काय झालं गं?" स्वयंपाकघरातून मल्लम्मा उठली. रोहिणीने कात्री मागे लपवली, खाली वाकली, आणि आई दारात यायच्या आत तुटलेल्या वायरीशी सांडलेला सुपारीचा भुगा ओढणीने पुसून घेतला.