हसरी पट्टी नको

"मान पुढे कर गं," नर्सबाई पट्टी उघडत म्हणाल्या.

शर्वाणीच्या मनगटावरचा मूड दाखवणारा बँड सलग तिसऱ्या दिवशी राखाडी झाला होता, आणि तीन दिवस उदास राहिलेल्याला मानेवर हसरी पट्टी लावायचीच, असा शाळेचा नियम होता.

शर्वाणी मागे सरकली. "दादाला लावलीत, तर तो आजोबांच्या दहाव्याला खिदळत होता! मला मधल्या सुट्टीपर्यंत वेळ द्या."

"आणि तोवर काय करशील? जादू?"

"हात हलवेन. सावकाश."

बाई हसल्या, पण थांबल्या.

शर्वाणीने डोळे मिटले. श्वास घेत हात वर, सोडत खाली, इतके हळू की खांद्यातला ताण तिला नीट जाणवला. आजोबांच्या तपकिरीचा वास आठवला, तरी तिने हात थांबवले नाहीत. विसाव्या वेळी तिला रडू फुटलं, आजोबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

घंटा झाली. बँड राखाडीच होता, कडेला जेमतेम एक हिरवी रेघ.

"नियमाला एवढं पुरत नाही, बाळा."

"मला पुरतं की! उद्या परत करणार. आणि पट्टी लावायचीच असेल, तर आधी मला पकडा!"

तिने मैदानाकडे धूम ठोकली. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की आपल्याला कित्येक दिवसांनी चक्क कडकडून भूक लागलीये.