मागचे दिवे

टेम्पोवाल्याने मागचे दोन्ही जुने बल्ब काढले आणि दुप्पट उजेडाचे नवे बसवले. "बाबा, धुक्यात तुमचे मागचे दिवे दिसतच नाहीत," असं लेक वर्षभर कानीकपाळी ओरडत होती आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "लागतायत ना, मग झालं." महिन्यापूर्वी धुक्यात त्याने अचानक ब्रेक दाबला आणि मागून स्कूटरवर येणारी लेक थेट टेम्पोवर आदळून जागच्या जागी गेली. दिवे तपासताना एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. त्यातलं दुसरं काम लहानपणापासून लेकीचं. आज न बोलावताच बायको बाहेर आली. ती टेम्पोमागे थांबली नाही, चालत चालत पार गल्लीच्या टोकाला गेली. त्याने ब्रेक दाबला. "लागले का गं?" तिकडून तिचा सपाट आवाज आला, "इथूनसुद्धा दिसतायत."