आईच्या नावाची यादी

तेराव्याची जेवणं उरकली, तशी नव्या रिवाजाप्रमाणे निलांबरी आईच्या नावाची यादी फोनवरून सगळ्यांसमोर वाचायला बसली. आईमागे ते नाव आता तिच्या मालकीचं होतं. त्या नावाखाली आईचं काय काय अजून कुठल्या पत्त्यावर चालू आहे, ते फक्त तिलाच दिसत होतं.

"चेहरा, घरची भिंत. सही, बंद. आवाज..." ती अडखळली. "आवाज, बसस्टँडचं शौचालय."

धाकट्या हेमंतने विडा गालात सरकवला. "नुसता पडून होता गं, ताई. आजारपणात ती बोलायची तरी कुठे? मीच दिला तेव्हा तिथे भाड्याने जोडून."

निलांबरीने ती नोंद तिथल्या तिथे खोडली. पडद्यावर उत्तर उमटलं : जुना पत्ता सगळीकडून पुसला जायला तीन दिवस लागतील.

ती तडक स्टँडवर गेली. दारातच घाणीचा भपकारा आला, आणि त्या घाणीतून आईचा आवाज, लहानपणी पानावर बसताना यायचा तसाच : "हात धुतलेस का रे, बाळा?"

एक माणूस पँटची चेन ओढत बाहेर आला. "धुतले गं, म्हातारे," म्हणत कोरड्या हातांनी चालता झाला.

मागून आई कौतुकाने म्हणाली, "शहाणं गं माझं बाळ!"